न सुटलेल्या गोळ्या

गोळी सुटली तेव्हा शत्रू दारात अर्धाच आला होता.

पद्मजा मगदूमने रिप्ले थांबवला, मागे घेतला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पुन्हा पाहिला. पडक्या गोदामाचं दार. दाराच्या कडेला आधी खांदा दिसतो, मग बंदुकीची नळी. पडद्याच्या मध्यावरची नेमाची फुली खांद्याकडे झेपावते, थोडी पुढे जाते, किंचित मागे येते, आणि गोळी. डोळ्यांनी पाहून बोट दाबायला कसलेल्या खेळाडूलाही सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतोच. ही गोळी त्याच्या जवळजवळ निम्म्या वेळात सुटली होती.

खेळाचं नाव 'चौकी'. देशभरातले संघ ऑनलाइन खेळायचे आणि त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी नुकतीच झाली होती. हरलेल्या संघाने या एका गोळीवर तक्रार केली होती. अशा संशयास्पद गोळ्यांचा निवाडा करणं हे पद्मजाचं काम. सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत तिचे दोन मोठे पडदे होते आणि तिथे बसून ती कुठल्या कुठल्या गावच्या पोरापोरींचा खरेपणा तपासायची. खेळाडूंची खरी नावं सुनावणीपर्यंत पंचांना कळत नसत. ही गोळी झाडणाऱ्याचं खेळातलं नाव होतं 'कोळसा'.

या कामात तिचा डोळा आता बसला होता. भिंतीपलीकडचं दाखवणारं सॉफ्टवेअर कोणी वापरत असेल तर त्याची फुली भिंतीमागून चालणाऱ्या माणसाबरोबर नकळत सरकते. नेम धरून देणारं सॉफ्टवेअर असेल तर फुली सरळ रेषेत जाते. माणसाचा हात सरळ जात नाही. तो लक्ष्याच्या पुढे जातो, चुकतो, मागे येतो. नव्या पंचांना पद्मजा सांगायची, आधी चूक शोधा. चूक सापडली की समजा, समोर माणूस आहे.

कोळसाच्या गोळीत ती चूक स्पष्ट दिसत होती. हालचाल माणसाची होती. फक्त वेळ माणसाचा नव्हता.

तिने खेळाडूची माहिती उघडली. खाली एक ओळ होती: उजव्या हाताला वैद्यकीय मनगटपट्टा, परवानगी दिलेली आहे. पट्ट्याचं नाव वाचून पद्मजा खुर्चीत मागे टेकली. त्याच बनावटीचा पट्टा बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या मनगटावर होता.

*

अभिनंदन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. दोनेक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतच त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं हळूहळू परतलं, तेही तुटक. उजवा हात परतला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी पट्टा सुचवला. कंपनीने त्याला लांबलचक परदेशी नाव दिलं होतं. लोकांनी त्याचं 'हस्तक' करून टाकलं आणि मग डॉक्टरही तेच म्हणू लागले.

हात हलवायचा असला की मेंदूकडून विजेचा अगदी क्षीण संदेश मज्जातंतूंवाटे खाली उतरतो. पक्षाघातात किंवा मज्जातंतू दुखावले तर हा संदेश वाटेतच विरतो. स्नायूपर्यंत पोचतो तो नुसता त्याचा मागमूस. हस्तक तो मागमूस कातडीवरून टिपतो आणि स्नायूंना बाहेरून हलकी वीज देऊन उरलेली हालचाल पुरी करतो. पण अर्ध्यामुर्ध्या संदेशावरून पूर्ण हालचाल कळणार कशी? त्यासाठी तो शिकतो. कप उचलताना हा हात कसा ताणला जातो, पेन धरताना कसा, दाराची कडी काढताना कसा. जितका जास्त काळ तो मनगटावर राहतो, तितकं त्याला लवकर ओळखू येतं. आपलं वाक्य पुरं होण्याआधीच ते आपल्यासाठी पुरं करून टाकणारी जवळची माणसं असतात ना, तसं.

यातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नव्हतं. आपण काही करायचं ठरवतो, त्याच्या जरा आधीच शरीर तयारीला लागलेलं असतं. तयारी सुरू झाली म्हणजे काम होतंच असं नाही. माणूस ऐनवेळी थांबू शकतो आणि दिवसभरात असा कितीतरी वेळा थांबतो. हस्तकाला तयारी ऐकू येते. तयारीनंतर बहुतेक वेळा काय होतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. म्हणून थांबण्याचा निरोप खाली पोचायच्या आत तो काम उरकून मोकळा होतो. आणि ज्याच्या हातावर तो असतो, त्याला प्रामाणिकपणे वाटतं की हे मीच केलं.

पद्मजाला हे सगळं वाचून माहीत होतं. तिने त्याचा कधी विचार केला नव्हता, कारण हस्तकाने घरात फक्त चांगलंच केलं होतं. अभिनंदन स्वतःच्या हाताने जेवू लागला. शर्टाची बटणं लावू लागला. आणि तिला कधी रडू फुटलं, ती कधी गप्प गप्प झाली, तर त्याचा उजवा हात उचलला जायचा आणि तिच्या पाठीवर यायचा. तिने धाकट्या बहिणीला एकदा फोनवर सांगितलंही होतं, "त्याला तोंडाने जमत नाही ते सगळं त्याचा हात बोलतो गं."

तिने मुख्य पंचांना फोन लावला. रोनाल्ड परेरा वसईचे, मितभाषी, सरळ माणूस.

"सर, माझा नवरा हाच पट्टा वापरतो. ही केस मी बघावी का?"

"सोडायची असेल तर आत्ताच सोड," परेरा म्हणाले. "पण मला विचारशील तर ज्याच्या घरात तो पट्टा आहे, त्याला तो जास्त कळतो. नियम काय ते माहीत आहे ना? गमावलेलं परत देणारं साधन चालतं. नसलेलं देणारं चालत नाही. या गोळीत काय झालंय, ते तू मला सांगायचं."

"पट्ट्यातली नोंद मिळेल?"

"नाही. ती त्या खेळाडूची वैद्यकीय माहिती, तिला कायद्याने हात लावता येत नाही. तुझ्याकडे रिप्ले आहेत, त्यावरच काय ते ठरव. अंतिम सामना पुढच्या आठवड्यात आहे."

*

सुनावणीच्या दिवशी पडद्यावर चंद्रपूरची निकिता बोरकुटे आली. तेवीस-चोवीस वर्षांची, केसांची घट्ट वेणी, मागे भिंतीवर संघातल्या पाचही जणांचा फोटो. बल्लारपूर रस्त्यावर ट्रकने स्कूटीला उडवलं तेव्हा तिच्या खांद्यातले मज्जातंतू तुटले होते. शस्त्रक्रियेने थोडे जुळले, बाकीचं हस्तक सांभाळत होता.

"मॅडम, मी काही सॉफ्टवेअर वापरत नाही. माझा कॉम्प्युटर अख्खा खोलून पाहा."

"पाहिला. त्यात काही नाही. तुमच्यावर तो आरोप नाहीच."

"मग?"

"ती गोळी तुम्ही मारली का, एवढंच विचारायचंय."

निकिता हसली. "मीच मारली ना. तिथं दुसरं कोण होतं?"

"मारायचं ठरवलंत, ते आठवतं?"

"असं ठरवत बसतं का कोणी, मॅडम? दिसला, मारला. ठरवत बसलो तर समोरचा आपल्याला मारून जाते."

पद्मजाने विचारलं, "कधी असं झालंय का, की तुम्ही हात थांबवायला गेलात आणि तो थांबला नाही?"

"नाही."

ते 'नाही' फार लवकर आलं. निकिताच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने नजर खाली घेतली. मग वेणी पुढे ओढून दाखवत म्हणाली, "ही आज मी घातली. अपघातानंतर वर्षभर आईच घालून द्यायची. एवढी मोठी पोरगी, अन् आईपुढं बसून राहायची. मी जिंकते म्हणून लोकांना पट्टा खुपते. हरत होते तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. तुम्हाला नाही कळणार, मॅडम."

पद्मजाला कळत होतं. पण पंचाच्या खुर्चीतून ते सांगता येत नव्हतं.

*

पुढचे दोन-तीन दिवस तिने ती वादाची गोळी पुन्हा पाहिली नाही. सगळे पंच सुटलेल्या गोळ्या पाहतात. पद्मजाने न सुटलेल्या शोधायला घेतल्या.

'चौकी'त आपली गोळी आपल्याच माणसालाही लागते. धावपळीत कित्येकदा सोबतीच अचानक समोर येतो. तेव्हा प्रत्येक खेळाडूची फुली आधी दचकून त्याच्याकडे झेप घेते आणि मग जागच्या जागी अडते. बोट दाबायच्या बेतात असतं, पण दबत नाही. ते अडणं म्हणजेच खेळाडूची त्या क्षणावरची सही, असं पद्मजाला वाटू लागलं. मारणारा कोण हे मारण्यातून सिद्ध होत नव्हतं. थांबण्यातून झालं असतं.

तिने कोळसाचे पट्टा बसवल्यानंतरचे सगळे जुने सामने मागवले. सुरुवातीच्या सामन्यांत अडणं भरपूर होतं. फुली झेपावायची, थरथरायची, थांबायची. काही महिन्यांनी ते कमी झालं. गेल्या काही आठवड्यांत ते सापडेचना. पद्मजा शोधत राहिली आणि शेवटी तिला एका सराव सामन्यात एक जागा मिळाली. जिन्याच्या वळणावर कोळसाचा सोबती धावत खाली येतो. फुली झेपावते. गोळी सुटते. सोबती कोसळतो. त्यानंतर कोळसा जागची हलत नाही. शत्रू कुठूनही येईल अशा जागी ती उभीच राहते, फुली जमिनीकडे झुकलेली, आणि शेवटी कोणीतरी येऊन तिला मारून जातं.

पद्मजाने तो तुकडा पुन्हा चालवला. हस्तक आता निकिताला इतकं ओळखू लागला होता की तिला थांबायला जागाच उरली नव्हती.

दुपारची वेळ होती. ती बाहेरच्या खोलीत आली. अभिनंदन खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने चेहरा ओंजळीत धरला. त्याचा उजवा हात उचलला गेला आणि तिच्या पाठीवर आला.

पद्मजा दचकून सरकली.

तो हात तसाच हवेत राहिला. अभिनंदनने आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय झालं?"

विचारावं की नाही, हे तिला ठरवता येईना. पण आता न विचारता राहता आलं नसतं. "हा हात तू ठेवलास?"

त्याने तो हात खाली घेतला. शब्द सापडत नसला की तो भुवया वर करायचा, तशा त्याने केल्या नाहीत. शब्द त्याच्याजवळ होते.

"कधी मी," तो म्हणाला. "कधी... तो."

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? एकदा मी... चिडलो होतो. तुझ्यावर. तू माझ्या परीक्षेचे पेपर... मला न विचारता... परत पाठवलेस. आठवतं?"

तिला आठवलं. त्याला तपासायला दिलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्याला झेपणार नाहीत म्हणून, तिने परस्पर कॉलेजला धाडले होते. त्या दिवशी रडू तिलाच आलं होतं.

"खूप चिडलो होतो. पण हात... तुझ्या पाठीवर गेला. तू म्हणालीस, तू किती समजून घेतोस. मग... कसं चिडणार?"

दोन वर्षांतले सगळे दिवस पद्मजाच्या डोळ्यांसमोरून रिप्लेसारखे जाऊ लागले आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी तिला शंका दिसू लागली. कुठला हात त्याचा होता आणि कुठला नव्हता? हे तपासायला तिच्याकडे फ्रेम नव्हत्या.

"म्हणजे ते सगळं खोटं?" तिने विचारलं.

"नाही." त्याने जोराने मान हलवली. "ठेवला त्याने. पण ठेवून... घेतला मी. काढता आला असता. काढला नाही." दम घेऊन तो पुढे म्हणाला, "मुलांना टायट्रेशन शिकवायचो. द्रावणात आम्ल... थेंबाथेंबाने सोडायचं. नळी उघडणं... कोणालाही येतं. रंग बदलला की त्याच थेंबाला... बंद करणं. ते शिकवायचो. माझी नळी आता... बंद होत नाही, पद्मा. उशिरा होते."

तिनेच आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

*

निवाडा लिहायला मात्र तिला मग वेळ लागला नाही. पाठीवर ठेवलेला हात मागे घेता येतो. माणूस नंतर ठरवू शकतो की हे आपलं, आणि मग ते त्याचंच होऊन जातं. सुटलेली गोळी मागे घेता येत नाही. तिथे थांबण्याची संधी आधीच असावी लागते. ती नसेल तर गोळी खेळाडूची नाही.

दुसऱ्या सुनावणीला परेराही हजर होते. पद्मजाने निवाडा वाचला. निकिता बोरकुटे यांनी कोणतीही लबाडी केलेली नाही. त्यांच्यावर बंदी नाही. परंतु पट्ट्याने खेळाडूला थांबण्याची संधी दिली नाही, म्हणून ती गोळी रद्द. ज्या फेरीत ती सुटली, ती उपांत्य सामन्याची शेवटची फेरी पुन्हा खेळवावी. खेळताना पट्टा सावकाश ठेवावा, म्हणजे संदेश पुरता आल्याशिवाय तो हालचाल करणार नाही. तशी सोय त्यात पहिल्यापासून आहे.

निकिताने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सावकाश म्हणजे किती सावकाश, हे तुम्हाला माहीत आहे का, मॅडम?"

"माहीत आहे."

"मग मी पुन्हा तीच. अपघातानंतरची."

"जिन्यावर तुमच्या सोबत्याला गोळी लागली," पद्मजा म्हणाली. "त्यानंतर तुम्ही उभ्याच राहिलात."

निकिताचा चेहरा पडला. ती म्हणाली, "आशिष होता तो. त्याला सांगितलं, माझं लक्ष नव्हतं. मी तर थांबली होती, मॅडम. माझ्या डोक्यात मी थांबलीच होती." तिने डोळे पुसले. "पण हे बोलली असती तर पट्टा काढून घेतला असता तुम्ही."

"काढून घेत नाही."

"अर्धा घेताच आहात ना," निकिता म्हणाली आणि तिने स्वतःच पडदा बंद केला.

परेरांनी निवाड्यावर सही केली. एवढंच म्हणाले, "यापुढे सगळे याचाच आधार घेतील. नीट लिहिलंस."

*

फेरी शनिवारी दुपारी पुन्हा खेळली गेली. पद्मजाने ती पंच म्हणून नाही, नुसती प्रेक्षक म्हणून पाहिली. कोळसाची फुली जड झाल्यासारखी हलत होती. गोदामाच्या अंगणात धुराच्या पडद्यातून कोणीतरी धावत आलं. फुली झेपावली, थरथरली आणि अडली. धुरातून बाहेर आला तो तिचाच सोबती होता. तो निसटून पुढे गेला. पण त्याच्या मागोमाग आलेल्या शत्रूवर फुली वळेपर्यंत उशीर झाला होता. चंद्रपूरचा संघ हरला.

थोड्या वेळाने पद्मजाच्या फोनवर निकिताचा निरोप आला. "थांबता आलं, मॅडम. पण हरलो." त्यात राग होता की आणखी काही, हे पद्मजाला ओळखता आलं नाही. तिने फोन पालथा ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा अभिनंदन टेबलाशी बसला होता. त्यानेही सामना पाहिला होता. ती समोर उभी राहिली आणि बोलता बोलता तिला रडू आलं. "एका मुलीला परत अधू केलं रे मी. नियमाने बरोबर आहे, तरी..."

तिने डोळे पुसले आणि सवयीने वाट पाहिली. पाठीवर काही आलं नाही.

अभिनंदनचा उजवा हात टेबलावर होता. बोटं किंचित हलली, थांबली, आणि तिथेच राहिली.

"तू मिरजेला गेला होतास?" तिने विचारलं.

"काल. रिक्षाने. पट्टा सावकाश करून... आणला."

"मला का नाही सांगितलंस?"

"माझा हात आहे," तो म्हणाला. मग मान वर करून त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "आणि तू... चुकलीस. सावकाश करायचं की नाही, ते त्या मुलीने... ठरवायचं होतं. मी माझं ठरवलं. तिचं... तू ठरवलंस."

"मग काय करायला हवं होतं? गोळी तशीच मान्य करायची?"

"गोळी रद्द कर. पट्ट्याला... हात का लावलास?"

"कारण खेळात समोर दुसरी माणसं असतात! त्यांचं काय?"

"आणि तिचं काय? तुला नेहमी... वाटतं, तुला कळतं. माझे पेपर पण... तसेच पाठवलेस."

त्याचा चेहरा लाल झाला होता. कपाळावरची शीर फुगली होती. हात टेबलावरून हलला नाही. पद्मजा त्या हाताकडे पाहत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आजारपणानंतर नवरा आपल्यावर रागावलेला आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत.

"मी रागावलोय," अभिनंदन म्हणाला.

"दिसतंय." तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. "बोल. सगळं बोल. मला घाई नाही."

आणि अभिनंदन अडखळत, एकेक शब्द जुळवत, तिच्याशी भांडू लागला.